टाकी रिकामी आहे, हे कशावरून?

गाडीच्या टाकीत डोकावून पाहण्याची सोय आज कुणी ठेवत नाही. पूर्वी ती होती. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असे. सीट उचलायची, झाकण काढायचं, पट्टी बुडवायची आणि ओल कुठवर चढली ते पाहायचं. फोक्सवॅगनच्या बीटलला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इंधनाचा काटाच नव्हता. इंजिन आचके देऊ लागलं की चालक पायाजवळची कळ फिरवून राखीव पेट्रोल सुरू करायचा. आपल्याकडच्या स्कूटरवाल्यांना ही रीत वेगळी सांगायला नको. ‘रिझर्व्हला लागली’ हे शब्द एका अख्ख्या पिढीच्या तोंडी होते आणि त्यात शंकेला जागा नव्हती, कारण ते इंजिनानं स्वतः दिलेलं प्रमाण होतं.

आता डॅशबोर्डवर काटा असतो, किंवा आकड्यांच्या पट्ट्या. त्यांच्या मागे टाकीत बुडालेलं एक साधं यंत्र असतं. गॅरेजमध्ये त्याला टँक युनिट म्हणतात, कुणी नुसतंच फ्लोट म्हणतं. पेट्रोलवर तरंगणारा एक गोळा, त्याला जोडलेली तारेची दांडी, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला रोधाच्या पट्टीवर सरकणारं इवलंसं धातूचं बोटुक. पेट्रोल उतरलं की गोळा उतरतो, बोटुक सरकतं, रोध बदलतो आणि त्यानुसार काटा हलतो. अनेक युरोपीय युनिटांचा पल्ला १० ते १८० ओम असतो, तर जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांचा ० ते ९०. कुठे टाकी भरलेली असताना रोध जास्त, कुठे नेमका उलटा हिशेब.

हे युनिट बिघडलं की काटा लटपटतो, मध्येच शून्यावर पडतो किंवा फुल्लवर जाऊन बसतो. हाताला थोडीबहुत हत्यारांची सवय असलेली माणसं मग सुटीच्या दिवशी घरीच ते बदलायला घेतात. काम तसं तासा-दीड तासाचं. पण भारतीय दर्शनांनी दीड हजार वर्षं ज्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला, तो या कामात दोनदा समोर येतो. जी वस्तू दिसत नाही तिच्याबद्दल ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं म्हणण्याचा अधिकार माणसाला कधी मिळतो? पहिल्यांदा हा प्रश्न पेट्रोलबद्दल असतो आणि चूक झाली तर गाडी रस्त्यात थांबते. दुसऱ्यांदा तो पेट्रोलच्या वाफेबद्दल असतो. तिथली चूक जिवावर येते.

न्यायदर्शनाचं नेहमीचं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं. आग दिसत नाही, धूर दिसतो, आणि जिथे धूर तिथे आग ही व्याप्ती आधीपासून माहीत असल्यामुळे डोंगरावर आग असल्याचं अनुमान होतं. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त विद्यार्थी हेच पहिल्यांदा शिकतो. या छोट्या ग्रंथाची आठल्ये आणि बोडस यांची आवृत्ती १८९७ साली मुंबईतून निघाली आणि संस्कृत शिकणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या तिच्यावर घडल्या. डॅशबोर्डचा काटा हा असाच हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, आहे. तो दिसतो, पेट्रोल दिसत नाही.

नैयायिक तेवढ्यावर थांबत नाहीत. उलट बाजूनं पाहा, असं ते सांगतात. आग आहे म्हणून धूर असेलच का? लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर निघायला इंधन ओलं असावं लागतं. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी, आणि उपाधी लपलेली असेल तर अनुमान फसतं. ‘काटा शून्यावर, म्हणून टाकी रिकामी’ या अनुमानातली उपाधी म्हणजे गोळ्यापासून काट्यापर्यंतची सगळी वाट शाबूत असणं. पितळी पोकळ गोळ्याला बारीक भोक पडलं की त्यात पेट्रोल शिरतं आणि तो भरल्या टाकीतही तळाला जातो. अर्थिंगचा स्क्रू गंजला की रोध वाढतो. कप्लर सुटला की जोडणीच तुटते. तुटलेली तार काहीच सांगत नाही, पण मीटर तिच्या मौनाचाही अर्थ लावतं. एका बनावटीच्या गाडीत तो अर्थ ‘रिकामी’ असा होतो, दुसऱ्या बनावटीत ‘पूर्ण भरलेली’.

याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण २००४ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत घडलं. लुइझियानातल्या नॉर्को इथल्या शुद्धीकरण कारखान्यातून गंधकाचं प्रमाण वाढलेलं पेट्रोल बाहेर पडलं आणि फ्लोरिडासह आसपासच्या भागात विकलं गेलं. टँक युनिटांमधले संपर्कबिंदू चांदीच्या मिश्रधातूचे असतात. गंधकानं चांदी काळवंडते, तो काळा थर वीज नीट वाहू देत नाही, आणि गाड्यांचे काटे खोटं सांगू लागले. गाडीच्या इंजिनात, पंपात काही दोष नव्हता. ज्या पेट्रोलची साक्ष द्यायची, त्या पेट्रोलनंच साक्षीदार बिघडवला होता.

म्हणून टाकीला हात लावण्याआधी साक्षीदार तपासायचा. टाकी बंदच ठेवून युनिटाचा कप्लर सोडवावा, किल्ली फिरवावी आणि काटा दुसऱ्या टोकाला जातो का ते बघावं. जात असेल तर मीटर आणि वायरिंग बहुधा ठीक आहे. काटा मुळीच हलत नसेल तर दोष मीटरमध्ये किंवा वायरमध्ये असू शकतो आणि तो तपासल्याशिवाय टाकी उघडू नये. या कामातली सर्वांत मोठी सुरक्षितता इथेच आहे, आणि घाई करणारे नेमकी हीच पायरी गाळतात. नव्या गाड्यांत काटा संगणकामार्फत चालतो. तिथे ही परीक्षा गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिली असेल तशीच करावी.

माणूस रोज काट्यावर विश्वास ठेवतो तो कशाच्या बळावर, यावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात जुना वाद आहे. मीमांसक ज्ञान स्वतःप्रमाण मानतात. ज्ञान झालं की ते खरं धरायचं, पुढे बाध आला तर सोडायचं. नैयायिकांच्या मते प्रामाण्य बाहेरून कळतं. पाणी दिसलं, जाऊन प्यायलं, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान खरं होतं हे ठरतं. दोघांचंही म्हणणं माणसाच्या जगण्यातूनच आलेलं आहे. गाडी चालवताना प्रत्येक जण मीमांसक असतो, त्याशिवाय कुणी घराबाहेर पडणारच नाही. हातात पाना घेतलेल्या माणसाला मात्र नैयायिक व्हावं लागतं, आणि ही अदलाबदल वेळेवर झाली नाही की काय होतं ते २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात दिसलं. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचं इंधनमापक बंद पडलेलं होतं. म्हणून टाक्यांखालच्या पट्टीनं इंधन मोजलं गेलं. मोजमाप बरोबर होतं, ७,६८२ लिटर. पण लिटरचं वजन काढताना किलोच्या जागी पौंडाचा गुणक घेतला गेला. उड्डाणाला २२,३०० किलो इंधन हवं होतं, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहूनही कमी भरलं गेलं. ४१,००० फुटांवर असताना इंजिनं बंद पडू लागली. वैमानिक रॉबर्ट पिअरसन आणि मॉरिस क्विंटल यांनी ते अवाढव्य विमान तरंगत खाली आणून गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. विमानातले सगळे ६९ जण वाचले. हिशेब पुन्हा पुन्हा तपासला गेला होता, पण दर वेळी त्याच चुकलेल्या गुणकानं. त्याच हेतूनं त्याच हेतूची परीक्षा होत नाही.

ही झाली पेट्रोलची बाजू. आता टाकी उघडायची आहे.

टँक युनिट बदलणारा माणूस आधी पेट्रोल कमी करतो आणि ते योग्यच आहे. टाकी पाव भागाहून कमी भरलेली असली तर युनिट काढताना पेट्रोल उसळून सीटखाली सांडत नाही. (पेट्रोल काढण्यासाठी नळीला तोंड लावून ओढण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. एक घोट फुप्फुसात गेला तरी प्राणावर बेतू शकतं. हातपंप फार महाग नसतो.) पण पेट्रोल काढून झालं की मनात एक वाक्य आपोआप उमटतं, ‘आता टाकीत काही नाही.’ या वाक्याचा अधिकार तपासण्यासाठीच दर्शनांची मदत घ्यायला हवी.

एखादी गोष्ट नाही हे कळतं कसं? सातव्या शतकातल्या मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेनं यासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणं, हे सहावं प्रमाण मानलं आणि पुढे अद्वैत वेदान्तानंही ते स्वीकारलं. नैयायिकांना वेगळं प्रमाण मान्य नव्हतं. अभाव प्रत्यक्षानंच कळतो, न दिसणं त्याला साहाय्य करतं, असं त्यांचं मत. मीमांसेतल्याच प्रभाकरांच्या अनुयायांनी तर अभाव हा वेगळा पदार्थच मानला नाही. वाद शतकानुशतकं चालला, पण अभाव मानणाऱ्या दोन्ही पक्षांनी एक अट सारखीच घातली. न दिसणं हे ‘योग्य’ असलं पाहिजे. वस्तू तिथे असती तर ती नक्की दिसली असती, इतकी सगळी सामग्री हजर असली, तरच तिच्या न दिसण्यावरून ती नाही असं म्हणता येतं. लख्ख उजेडात जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणजे घडा नाही. अंधारात दिसत नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनीही हाच भेद केला आणि त्यासाठी पिशाचाचं उदाहरण घेतलं. जे स्वभावतःच अदृश्य म्हणून सांगितलं जातं, ते समोर दिसत नाही एवढ्यानं ते नाही असं ठरत नाही.

पेट्रोलची वाफ या अटीत बसत नाही. ती असतानाही दिसत नाही, म्हणून तिचं न दिसणं हे प्रमाण नव्हे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, असलेल्या वस्तू का दिसत नाहीत याची आठ कारणं दिली आहेत: फार लांब असणं, फार जवळ असणं, इंद्रिय निकामी होणं, मन ठिकाणावर नसणं, सूक्ष्मता, आड काही येणं, प्रबळ वस्तूनं झाकोळणं आणि सारख्या वस्तूंत मिसळून जाणं. टाकीपाशी बसलेल्या माणसाला यातली बहुतेक लागू पडतात. वाफ सूक्ष्म आहे. ती पत्र्याआड आहे. ती हवेत मिसळलेली आहे. वास येतो खरा, आणि नाक पेट्रोलच्या बाबतीत फार तीक्ष्ण असतं, पण काही मिनिटांतच ते त्या वासाला सरावतं आणि वाफ कमी झाली की नाक थकलं हे सांगता येत नाही. मन ठिकाणावर नसण्याबद्दल तर, युनिटाच्या माथ्यावरच्या न निघणाऱ्या रिंगेशी अर्धा तास झटणाऱ्या माणसाला विचारावं. वाफ डोळ्यांना दिसते ती एकाच परिस्थितीत. तिरपं ऊन पडलेलं असेल तर उघड्या तोंडापाशी हवा थरथरते आणि जमिनीवर तिची हलती सावली पडते. वरून बघणाऱ्याला काहीच जाणवत नाही. सावलीकडे नजर गेली तर ती वाफ काठावरून ओघळून खाली सरकताना स्पष्ट दिसते.

ती खालीच सरकते, कारण ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती जमिनीलगत पसरते, गटाराच्या जाळीत उतरते, पार्किंगच्या खड्ड्यात साठते. पेट्रोलचा ज्वलनांक उणे ४० अंश सेल्सियसच्याही खाली आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतही ते पेट घेण्याइतकी वाफ सोडतच असतं. हवेत या वाफेचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असलं की ठिणगीनं ती पेटते. त्याहून कमी असली तर पेटत नाही, जास्त असली तरी पेटत नाही. भरलेल्या बंद टाकीत पेट्रोलच्या वरची जागा बहुधा या वरच्या मर्यादेच्याही पलीकडे दाट असते, म्हणूनच टँक युनिटाची वीज वर्षानुवर्षं टाकीत वाहूनही काही होत नाही. त्या जोडणीतून जाणारी वीजही मुद्दामच फार थोडी ठेवलेली असते. टाकी उघडली, पेट्रोल काढलं, थोडी हवा आत गेली, की ती दाट वाफ पातळ होत होत नेमकी धोक्याच्या टप्प्यात येते. अर्धवट रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची असते ती यामुळे. रिकाम्या पिंपाला झाळ मारताना झालेले स्फोट हे जगभरच्या कारखान्यांचं जुनं दुखणं आहे आणि त्यामागेही हेच कारण आहे.

१७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून निघालेलं टीडब्ल्यूएचं ८०० क्रमांकाचं विमान लाँग आयलंडजवळ हवेतच फुटलं आणि २३० माणसं गेली. चार वर्षांच्या तपासानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २००० साली अहवाल दिला. स्फोट पंखांमधल्या मधल्या टाकीत झाला होता. ती टाकी जवळजवळ रिकामी होती, तळाशी जेमतेम ५० गॅलन इंधन होतं. खाली बसवलेल्या वातानुकूलन यंत्रांच्या उष्णतेनं त्याची वाफ झाली होती. ठिणगी कुठून आली हे मंडळाला पूर्ण खात्रीनं ठरवता आलं नाही. सर्वांत संभवनीय म्हणून त्यांनी जे कारण सांगितलं ते असं, की टाकीबाहेर शॉर्ट सर्किट झालं आणि जादा दाबाची वीज इंधनमापकाच्या तारांवाटे टाकीत शिरली. इंधन किती उरलं हे सांगणाऱ्या तारांनीच ठिणगी आत नेली असण्याची शक्यता सर्वांत मोठी होती. पुढे २००८ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं टाक्यांतल्या वाफेची पेटण्याची शक्यता कमी करण्याचा नियम केला, आणि विमानांच्या टाक्यांत नायट्रोजन सोडण्याची पद्धत रूढ झाली.

घरच्या कामात नायट्रोजन नसतो. म्हणून वाफ आहेच असं धरून चालायचं आणि ठिणगीचा मार्ग बंद करायचा. काम उघड्यावर करायचं, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये नाही, बंद गॅरेजमध्ये तर नाहीच. तळमजल्याच्या खिडकीत गॅस गिझर आहे का, स्वयंपाकघराचं दार इकडेच उघडतं का, देवघरात समई तेवते आहे का, कुणी सकाळची उदबत्ती अंगणातल्या तुळशीपाशी लावून गेलं आहे का, हे आधी पाहायचं. पेट्रोलचं झाकण सैल करून टाकीतला दाब सोडायचा. इंजेक्शनच्या गाडीत युनिट बहुधा पंपालाच जोडलेलं असतं आणि पुढच्या नळीत पेट्रोल दाबाखाली असतं. तिथे पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं आणि ते थंड होऊ द्यायचं. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची. टाकी उघडल्यानंतर बॅटरीच्या वायरींना हात लावायचा नाही.

अंगावर सुती कपडे हवेत. नायलॉनचा टी-शर्ट घालून सीटवरून सरकलं की अंगात स्थिर वीज साठते आणि बोटाला जेमतेम जाणवणारी तिची ठिणगीसुद्धा पेट्रोलची वाफ पेटवायला पुरेशी असते. म्हणून टाकीजवळ जाण्यापूर्वी गाडीच्या उघड्या धातूला हात टेकवायचा, आणि मध्ये उठून गेल्यावर परत येताना पुन्हा टेकवायचा. उजेडासाठी बंद आवरणाची एलईडी बॅटरी घ्यायची. तारेचा जुना बल्ब खाली पडून फुटला की त्याची तप्त तार हेच इंधन पेटवणारं साधन होतं. मोबाइल लांब ठेवायचा. पावडरचा अग्निशामक हाताशी हवा आणि तो चालवता येणारं दुसरं माणूस सोबत हवं. पाण्याची बादली इथे कामाची नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

पुष्कळ गाड्यांत मागच्या सीटची गादी उचलली की पत्र्याचं झाकण असतं. ते काढलं की धुळीनं माखलेला युनिटाचा माथा दिसतो. ती धूळ आधी ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची, नाहीतर ती टाकीत पडते आणि पंपाच्या जाळीत अडकते. वरची रिंग घट्ट बसलेली असते. ती लोखंडी छिन्नीनं ठोकायची नाही, पितळी पंच किंवा लाकडाचा ठोकळा लावून हलक्या हातानं गोल फिरवत सोडवायची. युनिट सरळ वर ओढलं तर गोळ्याची दांडी तोंडात अडकून वाकते. ते थोडं तिरकं करून, गोळा बाहेर येईल तसं वळवत काढायचं, आणि तोंडावर लगेच झाकण ठेवायचं. जुनी रबरी रिंग पेट्रोलनं फुगून खोबणीत परत नीट बसत नाही. नव्या युनिटाबरोबर नवी रिंग लागतेच. बसवण्याआधी, टाकीपासून दूर, मल्टिमीटर लावून दांडी सावकाश वरखाली केली की रोध न अडखळता बदलायला हवा. ते पाहायला बॅटरीचे बारा व्होल्ट थेट लावायचे नाहीत.

इथे कुणी विचारील, की न दिसणाऱ्या वाफेची एवढी धास्ती घ्यायची तर न दिसणाऱ्या पिशाचाचीही घ्यायला हवी, मग बॅटरीच्या वायरीसोबत लिंबू-मिरचीही आलीच. प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर आहे. अनुपलब्धी योग्य नसेल तर अभाव सिद्ध होत नाही, पण त्यामुळे भावही सिद्ध होत नाही. दार फक्त उघडं राहतं. आत काही आहे हे दाखवायला दुसरं प्रमाण लागतं. वाफेच्या बाजूनं ते भरपूर आहे. तिचं वजन मोजता येतं, तिची पेटण्याची मर्यादा प्रयोगशाळेत ठरते, तिची सावली जमिनीवर पडते. सांख्यांनीही हेच केलं. प्रकृती दिसत नाही ती सूक्ष्म असल्यामुळे, नसल्यामुळे नव्हे, असं सांगून ते थांबले नाहीत. कार्यावरून कारणाचं अनुमान त्यांनी मांडलं. लिंबू-मिरचीच्या बाजूनं असं कोणतंही कार्य दाखवता येत नाही.

ईश्वराच्या प्रश्नातही हीच मर्यादा पाळली पाहिजे. दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त निरीश्वरवाद्यांना उत्तर देताना याच अटीचा आधार घेतला. ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, असं म्हणणाऱ्या चार्वाकाला ते त्याच्या घराकडे बोट दाखवून विचारतात, की नुसत्या न दिसण्यानं अभाव ठरत असेल, तर घराबाहेर पडल्यावर बायकोमुलं दिसत नाहीत, मग त्यांच्यासाठी रडत का नाहीस? युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो जेवढं सिद्ध करतो तेवढंच. ईश्वर नाही हे न दिसण्यावरून ठरत नाही, इतकंच त्यातून निघतं. तो आहे यासाठी उदयनांना वेगळी अनुमानं मांडावी लागली, आणि अशा अनुमानांवर बौद्धांनी आणि मीमांसकांनी घेतलेले आक्षेप आजही वाचण्यासारखे आहेत. श्रद्धाळू माणसं पहिल्या अर्ध्या भागावर थांबून दुसरा अर्धा जिंकल्यासारखी वागतात, आणि नास्तिक माणसं पहिला अर्धा ऐकायलाच तयार नसतात. दोन्ही बाजूंनी थोडी नैयायिकांची शिस्त पाळली, तर या विषयावरचं आपल्याकडचं बोलणं पुष्कळ सुधारेल.

याच ग्रंथात उदयन शंकेलाही सीमा घालतात. माणसाच्या स्वतःच्या कृतीशी विरोध येईपर्यंतच शंका धरता येते. आगीपासून धूर निघतो याबद्दल संशय आहे म्हणणारा माणूस धूर हवा असला की आगच पेटवतो. टाकीपाशी हा निकष फार उपयोगी पडतो. जो माणूस बॅटरी सोडवतो त्यानं वाफ आहे हे मान्य केलेलं असतं. तोच मग पाच मिनिटांनी, आता उडून गेली असेल, म्हणत ड्रिल मशीन सुरू करतो, किंवा सांडलेलं टिपायला घरातला व्हॅक्यूम क्लीनर आणतो. त्याची दुसरी कृती त्याच्या पहिल्या कृतीला खोटं पाडते. काही गाड्यांत युनिटापर्यंत जाण्यासाठी टाकीच खाली उतरवावी लागते. जॅकवर उभ्या गाडीखाली झोपून पेट्रोलची टाकी उतरवणं हे घरचं काम नव्हे. सीएनजीच्या किंवा एलपीजीच्या टाकीला तर हातच लावू नये.

बसवून झालं की सीटची गादी लगेच ठेवायची नाही. बॅटरी आणि फ्यूज जोडण्याआधी दारं उघडी ठेवून वास पूर्ण जाऊ द्यायचा, मग किल्ली काही सेकंद फिरवून पंपाला दाब धरू द्यायचा आणि नळीच्या जोडापाशी, रिंगेच्या कडेनं कुठे ओल येते का ते बोट फिरवून पाहायचं. त्यानंतर पंपावर जाऊन मोजून पाच-दहा लिटर भरायचे आणि काटा तेवढाच चढतो का ते बघायचं.

काटा बरोबर चढला तरी खालच्या टोकाची परीक्षा बाकी राहते. जुन्या काही गाड्यांत पेट्रोल संपत आल्याचा दिवा एका वेगळ्या संवेदकावर चाले. पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत तो थंड राही, उघडा पडला की तापे आणि त्याच्यातून जास्त वीज जाऊन दिवा लागे. काटा चुकला तरी तो दिवा चुकत नसे, कारण त्याला गोळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. आजच्या पुष्कळ गाड्यांत काटा, दिवा आणि ‘इतके किलोमीटर जाता येईल’ हा आकडा, तिन्ही एकाच गोळ्यावरून निघतात. त्यांचं एकमत झालं तर तो तिघांचा कौल नसतो. नवं युनिट बसवल्यावर पहिल्या दोन-तीन टाक्या ट्रिप मीटर शून्यावर आणून किलोमीटरही मोजावेत. चाकांच्या फेऱ्यांचा तो हिशेब टाकीतून येत नाही.